घरातलं सगळ्यात चांगलं पाणी

इंदूरच्या रामबागेतल्या त्या माशांच्या टाकीत काही जिवंत असेल असं मला वाटलं नव्हतं. तीन फुटांची काच, आत काळ्या चहासारखं पाणी, टॉप फिल्टरचा स्पंज गाळाने भरून बंद पडलेला. काकू म्हणाल्या, "थांब, तो वर येईल श्वास घ्यायला." मिनिटभराने वीतभर लांबीचा फिकट गुलाबी किसिंग गोरामी वर आला, हवेचा घोट घेतला आणि पुन्हा काळोखात गेला. काकांनी तो नऊ वर्षांपूर्वी आणलेला. काका जाऊन सव्वा वर्ष झालं, आणि तेव्हापासून टाकीला कोणी हात लावला नव्हता.

काकूंच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. "फुल वॉश करून टाका, नवे मासे सोडा, आईला रंगीत काहीतरी दिसू दे." आमच्या मासे विकायच्या, टाक्या साफ करायच्या धंद्यात बहुतेक जण हेच करतात. टाकी रिकामी करायची, खडी नळाखाली पांढरी होईस्तोवर धुवायची, ताजं पाणी भरायचं, वरून निळं औषध. दोन तासांत टाकी झगझगते. दोन दिवसांत जुना मासा मरतो, आणि 'म्हातारा झाला होता' असं सांगून नवी जोडी विकली जाते. सुरुवातीची दोन वर्षं मीही हेच केलंय. मासे का मरतात हे तेव्हा मला खरंच ठाऊक नव्हतं.

आता ठाऊक आहे, म्हणून आधी बादली नाही, पाणी तपासायचं टेस्ट किट काढलं. पीएच ५.४, सातच्या बराच खाली, म्हणजे पाणी चांगलंच आम्ल. कार्बोनेटच्या चाचणीत पहिल्याच थेंबाला पाणी पिवळं झालं, म्हणजे आम्ल पेलणारं काही उरलंच नव्हतं. काकूंच्या नळाच्या पाण्याला, जलूदहून येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याला, त्याच चाचणीत पिवळं व्हायला सात थेंब लागले. माशाच्या घाणीतून होणाऱ्या अमोनियाच्या चाचणीची नळी गर्द हिरवी, म्हणजे टाकीत तो भरपूर. पीएच सहाच्या खाली गेला की अमोनिया खाणारे जिवाणू जवळपास काम थांबवतात. पण एवढ्या आम्लात तो अमोनिया अमोनियम होऊन राहतो आणि माशाला फारसा बाधत नाही. आम्ल कमी होऊन पीएच ८ ला गेला, की २५ अंशांवर त्यातला जवळपास ५ टक्के भाग विषारी होतो. म्हणजे मी त्या दिवशी टाकी नळाच्या स्वच्छ पाण्याने निम्मी जरी भरली असती, तरी गोरामी बहुधा माझ्याच हाताने मेला असता.

मी विचारलं, "कमी झालेलं पाणी कोण भरतं काकू?"

"मीच. रोज पूजा झाली की तांब्याभर. नळाचं नाही हं घालत, आरओचं घालते. आपण पितो तेच."

उडून गेलेल्या पाण्याची भर आरओने करण्यात तशी चूक नाही, अधूनमधून पाणी बदललं जात असेल तर. इथे ते सव्वा वर्ष बदललंच नव्हतं. नळाचं घातलं असतं तर तांब्यागणिक आम्ल पेलणारं चिमूटभर कार्बोनेट तरी आत गेलं असतं; आरओ तेच गाळून टाकतं. काकूंनी घरातलं सगळ्यात चांगलं पाणी दिलं, आणि त्यात माशाला हवं ते नव्हतं.

त्यांनी विचारलं, "माझं काही चुकलं का रे?" मी म्हणालो, "नाही काकू."

पहिल्या दिवशी फक्त ५ लिटर बदललं. इंदूरला पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे कॅन आदल्या दिवशी भरून ठेवायचे, क्लोरिन घालवायला हायपोचे खडे टाकायचे, हवेच्या नळीला गाठ मारून बारीक धारेने सोडायचं. टाकीत पाणी साधारण १३५ लिटर. मुलाला इतका वेळ का लागतो ते समजेना. दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. माझ्या दुकानातल्या चालू टाकीतला मळका स्पंज आणून फिल्टरमध्ये बसवला, कारण त्यात जिवाणू असतात आणि बाटलीतल्या औषधापेक्षा माझा त्यांच्यावर जास्त विश्वास आहे. खडी एका वेळी पावच सायफन केली. खाणं दोन दिवसांतून एकदा, चिमटीभर.

दुसऱ्या आठवड्यात एकदा सकाळी लवकर गेलो, तर काकू आरओचा तांब्या ओतत होत्या. तेव्हा सांगावंच लागलं. त्या काही बोलल्या नाहीत. तांब्या ओट्यावर ठेवला आणि खुर्चीत बसून राहिल्या. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांच्या पाण्याने जे आम्ल वाढलं, त्यानेच तो अमोनिया बोथटही ठेवला, हेही मी त्यांना सांगितलं. ते खरंच होतं, पण त्या क्षणी नुसती समजूत काढल्यासारखं वाटलं असणार.

पाचव्या आठवड्यात अमोनिया शून्य, पीएच ७.२. गोरामी समोरच्या काचेवर ओठ लावून शेवाळ खरवडत होता. काकू त्याला पहिल्यांदाच अख्खा पाहत होत्या, निदान काका गेल्यानंतर पहिल्यांदा.

मग आठ रोझी बार्ब आणले. आपल्याकडच्या नदीनाल्यांतलाच मासा, काटक, नर लालसर होतो. दोन आठवडे माझ्याकडे वेगळे ठेवून मगच पिशवीत भरले. पिशवी टाकीत तरंगत होती तेव्हा काकू शेजारी कॅन घेऊन उभ्या होत्या. झाकणावर खडूने 'मासे' लिहिलं होतं.

"यांनाही नळाचंच ना?"

"हो काकू. कालचं भरलेलं."