यकृतावर गाठी दिसल्या, तरी आधी नस बघा

14 आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या. मरतुक रोज थोडी थोडी चढत होती. आणलेल्या पक्ष्यांपैकी एक तलंग एक पाय पुढे आणि दुसरा मागे ताणून पडलेली. पालनकर्त्याने जीवनसत्त्वाची कमतरता समजून पाण्यातून औषध सुरू केलं होतं. रायबोफ्लेविन (जीवनसत्त्व बी2) कमी पडलं तर नस, म्हणजे मज्जातंतू, सुजते हे खरं, पण ते लहान पिल्लांत, आणि तिथे बोटं आत वळतात.

पोट उघडलं तर यकृत दुपटीने मोठं, वर पांढुरक्या गाठी. अशा गाठी मॅरेक्स या कोंबड्यांच्या रोगाचा हर्पीस विषाणू करतो आणि ल्युकोसिस या दुसऱ्या गाठींच्या रोगाचा रेट्रोव्हायरसही. नुसत्या यकृतावरून निदान लिहू नये.

मांडीच्या आतला स्नायू बाजूला सारून सायटिक नस (पायाकडे जाणारी मोठी नस) मोकळी केली. निरोगी नस पांढरी, चकचकीत, बारीक आडव्या रेघांची असते. इथे डावी नस उजवीपेक्षा कितीतरी जाड, पिवळट करडी, पाणी धरल्यासारखी, रेघा गायब. दोन्ही बाजू नेहमी ताडून बघाव्यात, कारण सूज बहुधा एकाच बाजूला जास्त असते. मग बर्सा (गुदद्वाराजवळची रोगप्रतिकारक ग्रंथी) कापला: आक्रसलेला, आत गाठ नाही. ल्युकोसिसमध्ये गाठी बर्सातही सापडतात, नसा सहसा सुजत नाहीत आणि पक्षीही साधारण 16 आठवड्यांपुढचे असतात. चित्र मॅरेक्सचंच होतं.

तरी यकृत, नस आणि बर्सा यांचे 5 मिलिमीटरहून पातळ तुकडे, त्यांच्या दसपट आकारमानाच्या 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी पाठवले. लहानमोठ्या लिम्फोसाइटची (पांढऱ्या रक्तपेशींची) सरमिसळ दिसली तर मॅरेक्स, सगळ्या एकसारख्या लिम्फोब्लास्ट (त्यांच्याच अपक्व पेशी) असतील तर ल्युकोसिस. नुसत्या पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) पॉझिटिव्हवर माझा भरवसा नाही. हा विषाणू लस दिलेल्या निरोगी कळपातही मिळतो.

कारण मॅरेक्सची लस गाठी रोखते, संसर्ग नाही. माणसातल्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा विषाणू) लसीचं उलट आहे, ती संसर्गच अडवते.

आजारी पक्ष्यांवर इलाज नाही, म्हणून चौकशी लसीची आणि शेडची केली. पेशीबद्ध लस (जिवंत पेशींमध्ये विषाणू असलेली) द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर राहते. अँप्युल (लसीची कुपी) कंपनीने सांगितलेल्या, साधारण 27 अंशांच्या पाण्यात झटपट वितळवायची आणि तयार लस तास-दोन तासांत संपवायची; उशीर झाला की पेशी मरतात आणि डोस नावापुरता उरतो. उबवणी केंद्राची ही नोंद चोख निघाली. शेडमध्ये मात्र जुनं लिटर (जमिनीवरचं भुशाचं अंथरूण) वरवर झाडून त्यावरच नवी पिल्लं सोडली होती. पिसांच्या मुळातून झडणाऱ्या कोंड्यात हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, आणि लसीचं संरक्षण उभं राहायला साधारण आठवडा लागतो. त्या आठवड्यात पिल्लं धुळीतच होती.

पुढच्या बॅचआधी लिटर पूर्ण बाहेर, छताची व पंख्यांची धूळ धुऊन काढणं, मग जंतुनाशक, आणि पहिले काही आठवडे मोठ्या पक्ष्यांच्या शेडमधला माणूस आत नको, एवढं लिहून दिलं.