तांब्याची चकती

"फेकू नका, इकडे द्या."

येझदी मोटरसायकलच्या इंजिनाचं हेड (वरचं झाकण) खोललेलं. गॅस्केटपाशी (हेडखाली बसणारी, गळती रोखणारी चकती) फुसफुस, बाहेरच्या फिन्सवर (पात्यांवर) काळं तेल. मी नवीन आणायला निघालो, तर मिस्त्रीचाचांनी जुनीच तांब्याची चकती पक्कडीत धरली, ज्योतीवर लालबुंद केली आणि पाण्याच्या डबड्यात टाकली. चर्र! हातात घेतली तर ताज्या पोळीसारखी लवत होती.

"दाबून दाबून तांबं कडक होतं. तापवलं की परत मऊ."

मग नट थोडे थोडे, तिरपे समोरासमोर आवळले. (मागच्या वेळी मी एकेक गच्च पिळला होता. गळतीचं मूळ तेच.)

दुसऱ्या किकला चालू! येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्येच बंद पडला, गाडी पळतेय. चाचा सत्तरीचे. हाताखाली पोरगा एकही नाही.

तुमच्याकडे आहे का कुणी असं?