नववीचा एक कागद

मुलगी भारतात नववी किंवा त्यापुढचं काही शिकलेली असेल आणि अमेरिकेत कॉलेजच्या टीमकडून खेळायचं तिच्या मनात असेल, तर हे नंतर वाचा, आधी तिच्या जुन्या शाळेला फोन लावा. आमचे पाच महिने या एका कागदापायी गेले. अजूनही विषय निघाला की माझा आवाज चढतो, असं घरचे म्हणतात.

2021 च्या उन्हाळ्यात आम्ही पुण्याहून मेरीलँडला आलो. मुक्ताची नववी नुकतीच संपली होती. संपली म्हणजे काय, वर्षभर शाळा मोबाईलच्या पडद्यावरच झाली. पुण्यात ती एका क्लबात विकेटकीपिंग करायची. इथे शाळेत मुलींचं क्रिकेट नाही म्हटल्यावर आठवडाभर गाल फुगवून बसली. त्याच सुमारास आमच्या घराजवळ बॉइड्सच्या मैदानांवर महिलांची व्यावसायिक लॅक्रोस लीग चालू होती (टोकाला जाळी असलेल्या काठीनं चेंडू झेलत, फेकत गोल करायचा, असा हा खेळ). ती तिनं टीव्हीवर पाहिली आणि आपण अंगणातून गाडी काढावी तितक्या सहज म्हणाली, "हे जमेल मला." मेरीलँडमध्ये हा खेळ राज्याचा अधिकृत सांघिक खेळ आहे, 2004 पासून. इथल्या पोरी दुसरी-तिसरीपासून काठी फिरवतात, आणि ही दहावीत सुरुवात करणार!

वाचवलं ते गोलकीपिंगनं. मुलींच्या लॅक्रोसमध्ये बाकीच्या खेळाडू गॉगल आणि दातांचं गार्ड एवढ्यावर खेळतात. हेल्मेट, गळ्याचं नि छातीचं संरक्षण असा जामानिमा फक्त गोलकीपरला. सहा फूट बाय सहा फुटांची जाळी, आणि समोरून येणारा चेंडू टणक रबराचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित हलका. हे काम आनंदानं कोण घेणार? कोचला कीपर हवीच होती. तिनं मुक्ताच्या हातात मोठ्या जाळीची काठी दिली आणि सांगितलं, चेंडू अडवायला पुढे ढकलू नकोस, येऊ दे, त्याच्याबरोबर मागे जा. मुक्ता हसली. पुण्याचे तिचे सर चार वर्षं हेच सांगत होते, "हात मऊ ठेव." पुढची दोन वर्षं गॅरेजच्या भिंतीवर ठक्-ठक्, ठक्-ठक्. रोज शंभर उजव्या हातानं, शंभर डाव्या. त्या भिंतीवर आजही ताटाएवढा करडा डाग आहे.

मग ट्रायल्स, ज्युनिअर टीम, मोठी टीम, उन्हाळी स्पर्धा, व्हिडिओ, कोच लोकांना ईमेल. यात तक्रार करण्यासारखं काही घडलं नाही, फक्त पैसे गेले. 2023 च्या सप्टेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या एका डिव्हिजन दोनच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळात दुसऱ्या स्तरावरच्या, कॉलेजनं होकार दिला. थोडी शिष्यवृत्तीही. "थोडी" म्हणते कारण डिव्हिजन दोनमध्ये मुलींच्या लॅक्रोसला पूर्ण शिष्यवृत्त्या जास्तीत जास्त 9.9, आणि त्या अख्ख्या टीममध्ये तुकडे करून वाटायच्या. पूर्ण खर्च सुटेल या आशेवर राहू नका. (हा आकडा मला खूप उशिरा कळला.)

आता तो कागद. कॉलेजचा खेळ चालवणारी संस्था एनसीएए. तिचं एलिजिबिलिटी सेंटर प्रत्येक खेळाडूचा अभ्यास तपासतं. डिव्हिजन दोनसाठी इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र वगैरे धरून 16 ठरावीक कोर्स आणि त्यांत किमान 2.2 जीपीए, म्हणजे श्रेणींची सरासरी. मुक्ताला ते अवघड नव्हतं. पण नववीपासूनच्या प्रत्येक शाळेचा निकाल लागतो, मूळ भाषेत, सोबत ओळीला ओळ असं प्रमाणित इंग्रजी भाषांतर. इथल्या शाळेचं सगळं आपोआप पोचलं. राहिली पुण्याची नववी.

मी निर्धास्त होते. प्रगतिपुस्तक घरातच होतं, कपाटात, प्लास्टिकच्या फाइलमध्ये. काढून पाहिलं तर विषयांच्या रकान्यांत आडवी रेघ आणि खाली शिक्का: "वर्गोन्नत". आठवलं ना? एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारनं नववी आणि अकरावीच्या मुलांना परीक्षेविना पुढच्या वर्गात घातलं होतं. तेव्हा आम्ही आइस्क्रीम आणलं होतं.

हा कागद स्कॅन करून पाठवला. भाषांतर करणाऱ्या पहिल्या माणसानं "वर्गोन्नत"चं "अपग्रेडेड" केलं, विमानाच्या तिकिटासारखं. उत्तर आलं: विषय आणि गुण दिसत नाहीत, शाळेकडून अधिकृत निकाल मागवा.

शाळेच्या ऑफिसात फोन केला. ऑक्टोबरात पुण्यात सकाळचे अकरा म्हणजे आमच्याकडे रात्रीचा दीड. क्लार्क म्हणाले, "मॅडम, मुलीला पास केलंय ना? मग मार्क कशाला पाहिजेत?" समजावलं. म्हणाले, बघतो. आठवड्यानं बोनाफाइड सर्टिफिकेट आलं. मी म्हटलं, हे नको, गुण हवेत. मग शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत आली. दोन्हींवर शिक्के मात्र झकास, गोल, जांभळे.

त्याच महिन्यातली गंमत ऐका. 16 ऑक्टोबरला मुंबईत ऑलिंपिक समितीच्या बैठकीत 2028 च्या लॉस एंजेलिससाठी क्रिकेट आणि लॅक्रोस एकाच दिवशी मंजूर झाले. मुक्ताचे दोन्ही खेळ! व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचे पन्नास मेसेज. आणि मुंबईपासून दीडशे किलोमीटरवर माझ्या मुलीच्या नववीचा कागद टेबलावरून हलत नव्हता.

नोव्हेंबरात दिवाळीची सुट्टी. सुट्टीनंतर क्लार्क रजेवर. ते आले तेव्हा मी चूक केली. रात्री साडेबाराला (थंडीसाठी इथली घड्याळं तासभर मागे गेली होती), डोळ्यांत झोप, समोरून परत तोच प्रश्न, "पास केलंय ना?", आणि मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यानंतर पंधरा दिवस आमचा नंबर दिसला की फोन उचलला जाईना. माझी वैतागायची हौस पंधरा दिवसांना पडली. इथल्या शाळेच्या काउन्सेलरबाई मात्र दर वेळी गोड हसून "होईल हो" म्हणत. कॉलेजच्या कोचचा दर सोमवारी ईमेल: काही हललं का?

शेवटी बाबांना मध्ये घातलं. माझे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. सरकारी कागद कसा जन्मतो आणि कुठे दडून बसतो, हे त्यांना माहीत. ते बसनं शाळेत गेले, पिशवीत पाण्याची बाटली आणि पेपर, आणि ऑफिसबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. पहिल्या दिवशी त्यांनी काही मागितलंच नाही. क्लार्ककडे माझ्या वतीनं दिलगिरी व्यक्त केली (हे मला महिन्यानं कळलं) आणि चहा पिऊन परत आले. दुसऱ्या खेपेला विचारलं, "परीक्षा झाली नाही, मान्य. पण ऑनलाइन चाचण्या, तोंडी, अंतर्गत मूल्यमापन? त्याची नोंद वर्गशिक्षकांनी कुठेतरी केलीच असेल."

इथे कुलूप उघडलं. आम्ही सगळे निकाल मागत होतो, आणि निकाल नव्हताच. नोंदवही होती. पण वर्गशिक्षिका निवृत्त झालेल्या, वही कुठल्या गठ्ठ्यात ते कुणाला ठाऊक नाही. जानेवारीअखेर शिक्षक मंडळी सरकारी सर्वेक्षणाला जुंपलेली. फेब्रुवारी उजाडला तो बोर्डाच्या परीक्षांची तयारी घेऊन. बाबा आठवड्यातून दोनदा जात राहिले. एका गुरुवारी शिपाईमामांनी शिडी लावून कपाटावरचा गठ्ठा उतरवला आणि तिसरी वही मुक्ताच्या वर्गाची निघाली. बाबांनी मला फोटो पाठवला: पानाच्या कडेला पाण्याचा डाग, आणि ओळीत मराठी, संयुक्त संस्कृत, तृतीय भाषा इंग्रजी, गणित भाग एक, भाग दोन... शेवटी "जलसुरक्षा: अ". पाटबंधारेवाल्या आजोबांना सगळ्यांत आनंद या "अ"चा झाला.

तरी एक अडचण उरलीच. क्लार्क म्हणाले, हे गुण निकालपत्रकात नाहीत, त्यावर सही कशी करणार? खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं. बाबांनी मुख्याध्यापिकाबाईंना मसुदाच लिहून दिला: शासनाच्या निर्णयामुळे वार्षिक परीक्षा झाली नाही, वर्गात नोंदवलेले अंतर्गत गुण खालीलप्रमाणे. बाईंनी दहा मिनिटांत शाळेच्या लेटरहेडवर छापून सही केली. दहा मिनिटं! पाच महिने ज्यासाठी झुरलो ते हे. बाबा तरीही उठेनात. जावक क्रमांक पडला, तेव्हाच निघाले. आणि तीन प्रती घेतल्या, तिन्हींवर ओला शिक्का. तुम्हीही तीन घ्या.

दुसऱ्या भाषांतरकारानं "वर्गोन्नत"चं सरळ भाषांतर केलं, आणि त्यापुढे परीक्षा का झाली नाही ती ओळही नीट आली. मार्चमध्ये एलिजिबिलिटी सेंटरच्या खात्यावरची, कागद बाकी असल्याची लाल ओळ गेली. मुक्ता सरावाला होती. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले.

एनसीएएचा, हौशी खेळाडू असल्याचा जो प्रश्नसंच असतो, तो खरा लिहा. आम्हाला कुणी बक्षीस दिलं होतं का, हा प्रश्न आला. पुण्याच्या एका टेनिस बॉल स्पर्धेत तिला कुकर मिळाला होता. मी घाबरले. पण ते क्रिकेटचं, आणि हा दर्जा प्रत्येक खेळाचा वेगळा धरतात. अंतिम मंजुरीची विनंती, सप्टेंबरात प्रवेश असेल तर, 1 एप्रिलपासून करता येते. ती विसरू नका.

कागदांवर इतकं रडताना एक गोष्ट मला गप्प करते. लॅक्रोस हा खेळ मुळात अमेरिकेतल्या मूळ रहिवासी हौडेनोसौनी लोकांचा, म्हणजे ज्यांना इरोक्वॉय म्हणतात त्यांचा. 2010 मध्ये त्यांचा संघ जागतिक स्पर्धेला मँचेस्टरला निघाला, तर त्यांच्या स्वतःच्या राष्ट्राचे पासपोर्ट ब्रिटननं मानले नाहीत. संघ न्यूयॉर्कमध्येच अडकला, स्पर्धा तशीच झाली.

नातेवाईक विचारतात, पुढे यात पैसे आहेत का? पुरुषांच्या दोन लीग आहेत, थंडीत बंदिस्त मैदानातली आणि उन्हाळ्यात बाहेरची. तरी त्यांतले बरेच जण दुसरी नोकरी धरून असतात. मुलींचं त्याहून डळमळीत. 2018 ला निघालेली लीग 2020 मध्ये बंद पडली. मुक्तानं टीव्हीवर पाहिलेली 2021 ते 2024 चालली. 2025 च्या फेब्रुवारीत चार संघांची नवी सुरू झाली, सहा-सहा खेळाडूंच्या प्रकारात, तोच प्रकार ऑलिंपिकला असेल. त्यामुळे आमच्या घरात करार असा की पदवी आधी. त्यात मुक्ता एच-4 वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर. तिच्यासारखा कामाचा परवाना नसेल तर जाहिरात-बिहिरातीचे पैसे कुणी देऊ केले तरी वकिलाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. टीममधल्या बाकीच्या मुली बिनधास्त घेतात, आपली पोर बघत बसते. त्याची तयारी आधीच करून ठेवा, शिकवून.

पहिल्या वर्षी मुक्ता बहुतेक वेळ बाकावरच होती. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये पहिल्यांदा पूर्ण सामना मिळाला. सामना इथल्या दुपारी चारला, म्हणजे पुण्यात रात्रीचा दीड. बाबा मोबाईलला भांड्याचा टेकू देऊन स्वयंपाकघरात बसले होते, आई उठू नये म्हणून आवाज बंद. आम्ही हरलो. संपल्या संपल्या त्यांचा फोन आला, "अकरा अडवले तिनं, मी लिहून ठेवलेत. आणि तो सातवा गोल, त्यात तिची चूक नाही, पुढची पोरगी बाजूला झाली. कोचला सांग."