लाईनच्या गाडीवर चढण्याआधी मालकाचा हिशेब बघा

जालना, वाळूज, शेंद्रा, लातूर, कुठंही जा, लांबच्या लाईनला, म्हणजे ट्रकच्या दूरच्या फेऱ्यांना, ड्रायव्हर शोधणारे मालक भेटतातच. हेवी लायसन असलेला आणि आठ-दहा दिवस घराबाहेर राहायला तयार असलेला गडी सगळ्यांना हवा असतो. तरी आपली पोरं एकच प्रश्न विचारून केबिनमध्ये बसतात: पगार किती? पगाराचा आकडा कुणीही मोठा सांगतो. महिनाअखेर हातात काय पडतं, ते ट्रिपच्या हिशेबावर ठरतं.

म्हणून पहिली मागणी हीच करा: मागच्या महिन्यातल्या एखाद्या ट्रिपचा हिशेब दाखवा. चांगल्या ऑफिसात तो कागद दोन मिनिटांत पुढं येतो. वर ट्रिप खर्चाला दिलेली रक्कम, खाली डिझेल, हमाली-वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), पंक्चर, जेवणाचा भत्ता आणि शेवटी कटती, म्हणजे ड्रायव्हरच्या पैशातून कापलेली रक्कम. डोळा कटतीवर ठेवा. माल कमी भरला तर कुणाच्या नावावर? गोणी फाटली, ताडपत्रीतून पाणी गेलं तर? सीलबंद कंटेनरमधली घट ड्रायव्हरच्या माथी मारणारा मालक कितीही गोड बोलत असला तरी तिथून उठा. ई-चलानचंही तिथंच ठरवून घ्या. वेगाचं चलान ड्रायव्हरनं भरावं, यात वाद नाही. पण फिटनेस, पीयूसी, इन्शुरन्सचं चलान मालकाचंच.

सगळ्यात जास्त भांडणं डिझेलच्या अॅव्हरेजवरून होतात. मालक म्हणतो चारचं अॅव्हरेज द्या, म्हणजे लिटरला चार किलोमीटर. १,००० किलोमीटरला त्याच्या हिशेबानं २५० लिटर लागलं पाहिजे. गाडीनं ३.६ दिलं तर लागलं जवळपास २७८. म्हणजे २८ लिटरचा फरक. ९० रुपयांचा भाव धरला तर एका ट्रिपला अडीच हजार गेले. आता हे अॅव्हरेज भरलेल्या गाडीचं की रिकाम्या, घाटाच्या रस्त्याचं की सपाटीचं, हे आधी विचारलेलं नसतं. कंपनीच्या गेटवर इंजिन चालू ठेवून पुढं सरकत काढलेली रात्र, हवा कमी असलेले टायर, चोक झालेला एअर फिल्टर, हे सगळं डिझेल खातं. शहाणा मालक टाकी फुल ते टाकी फुल असं मोजतो आणि पहिल्या दोन ट्रिप कटती न करता त्या गाडीचं, त्या लाईनचं खरं अॅव्हरेज काढतो. किलोमीटरही प्रत्यक्ष धावलेले धरले पाहिजेत. २०२३ मध्ये कन्नडचा औट्रम घाट जड वाहनांना बंद झाला तेव्हा धुळ्याकडच्या गाड्यांना फेरा पडू लागला. अशा वेळी जुनेच किलोमीटर धरले, तर फेऱ्याचं डिझेल ड्रायव्हरच्या खिशातून जातं. बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाच्या) गाडीत युरियाचा, म्हणजे धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात त्या द्रावणाचा, खर्च वेगळा लिहिलेला हवा. युरिया संपला किंवा भेसळीचा निघाला की गाडीची ताकद कमी होते, आणि मग वाटेतच दिवस जातो.

हॉल्टिंगचं विसरू नका. गाडी खाली व्हायला तीन दिवस लागले तर माल मागवणाऱ्या पार्टीकडून हॉल्टिंग, म्हणजे थांबून राहिल्याचे पैसे, मालक घेतो. त्या दिवसांचा भत्ता तुम्हाला मिळतो का, किती, आणि पोहोच पावती ऑफिसला दिल्यावर किती दिवसांत हिशेब मिटतो? आठ दिवसांपेक्षा जास्त लागत असतील तर तुमचा पैसा त्यांच्या धंद्यात फिरतोय.

उचल मोठी देतो म्हणून मालक चांगला, असं समजू नका. ऊसतोडीच्या उचलीनं माणूस कसा बांधला जातो, हे आपल्या मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. ट्रकवरही तेच होतं. पन्नास हजार अंगावर असले की वाईट गाडीला नाही म्हणता येत नाही. उचल घ्यायचीच असेल तर एका पगारात फिटेल एवढीच घ्या, लिहून घ्या. मूळ लायसन ऑफिसात ठेवायला सांगितलं तर झेरॉक्स द्या, मूळ नाही.

मग यार्डात एक चक्कर मारा. तीन-चार गाड्यांचे नंबर टिपून एमपरिवहन अॅपवर टाका. फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसीच्या तारखा समोर येतात. दोन गाड्यांचे कागद संपलेले दिसले तर तुमच्या गाडीचंही तेच होणार. टायरच्या खोबणीतल्या उंचवट्याला नक्षी टेकली असेल तर तो टायर संपलाय. समृद्धीच्या सिमेंटवर उन्हाळ्यात तसा टायर पुढं लावून पाठवणारा माणूस तुमच्या जिवाशी खेळतोय. जालन्याहून सळई भरायची असेल तर केबिन आणि माल यांच्यामधला पुढचा पत्रा आणि साखळ्या बघा. करकचून ब्रेक लागला की न बांधलेली सळई सरळ केबिनमध्ये घुसते.

ओव्हरलोडवर शब्द स्पष्ट घ्या. आरसी बुकातल्या लेडन (मालासकट) वजनातून अनलेडन (रिकाम्या गाडीचं) वजा करा: २८,००० मधून ९,५०० गेले की १८,५०० किलो. तेवढाच माल, वजनाच्या काटा पावतीसकट. त्यावर गेलात तर दंड २० हजार, शिवाय जास्तीच्या प्रत्येक टनाला २ हजार. आणि जास्तीचा माल उतरवेपर्यंत गाडी जागेवरच.

वेळेचा हिशेबही मालकासमोरच मांडा. भरलेल्या गाडीनं ताशी ४५ धरले तर १,००० किलोमीटरला बावीस तास स्टिअरिंग. १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यानं दिवसाला ८ तास, लांबच्या मार्गाला फार तर १० तास, आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली. म्हणजे एकट्या माणसाला तीन दिवस. २०१८ मध्ये नॅशनल परमिटच्या (राज्याबाहेरही चालणाऱ्या) गाडीवरची दोन ड्रायव्हरांची सक्ती उठली, तेव्हापासून एकट्यालाच पिटाळणं वाढलंय. "उद्या रात्री पोचव" म्हणणाऱ्याला विचारा, सेकंड ड्रायव्हर कोण? मालासोबत लागणारं जीएसटीचं ई-वे बिलही २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबानं चालतं. वाटेत गाडी बिघडली तर मुदत संपायच्या ८ तास आधीपासून ते नंतरच्या ८ तासांपर्यंत ती वाढवता येते. त्यासाठी रात्री दोन वाजता ऑफिसचा फोन कोण उचलतो, तो नंबर आधीच घ्या.

इन्शुरन्सची पॉलिसी स्वतः वाचा. मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा ड्रायव्हरला लागू होत नाही. पॉलिसीत 'लीगल लायबिलिटी टू पेड ड्रायव्हर' (पगारी ड्रायव्हरची जबाबदारी) ही ओळ आणि तिच्यापुढं भरलेला हप्ता दिसला पाहिजे. वर्षाला ५० रुपयांची बाब आहे, तीही वाचवणारे असतात. मालकाकडं २० किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ लागतो. पीएफ खात्याचा यूएएन नंबर घ्या आणि दुसऱ्या महिन्यात पासबुक उघडून बघा.

पहिल्या ट्रिपला निघण्याआधी किलोमीटरचा आकडा, डिझेलचा काटा, सगळे टायर, स्टेपनी, जॅक आणि बॉडीवरचे जुने पोचे यांचे फोटो काढून मालकाच्या व्हॉट्सअॅपवर टाका, आणि "मिळाले" असं उत्तर आल्यावरच गाडी यार्डाबाहेर काढा.