हो, मला माहीत आहे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खरं तर दोन प्रश्न असतात. पहिला, "एवढं शिकलेल्या तुम्ही, आणि अजून रेसलिंग बघता?" आणि मग जरा आवाज खाली आणून दुसरा, "ते सगळं खोटं असतं, माहीत आहे ना?" दुसरा विचारताना माणसाचा चेहरा असा होतो, जणू घरातलं मांजर गेल्याची बातमी लहान मुलाला द्यायची आहे. गेल्या तीस वर्षांत मला ही बातमी इतक्यांनी दिली आहे की आता मी दरवेळी मनात दचकल्यासारखं करते. तेवढंच त्यांना समाधान.

हो, माहीत आहे. कोण जिंकणार, कसं जिंकणार, मॅच साधारण किती मिनिटं चालणार, सगळं आधी ठरलेलं असतं. आणि हे गुपित कुणा शोधपत्रकाराने खणून काढलेलं नाही. 1989 साली डब्ल्यूडब्ल्यूएफने, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन रेसलिंग कंपनीने, न्यू जर्सीच्या सिनेटपुढे स्वतःहून सांगून टाकलं की आमची ही करमणूक आहे, स्पर्धा नव्हे. त्यामागे सत्याची चाड वगैरे काही नव्हती. खेळ म्हटला की राज्याच्या अॅथलेटिक कमिशनची देखरेख आणि तिचा खर्च मागे लागतो, तो चुकवायचा होता. पण कबुली ती कबुलीच. तिलाही आता पस्तीस वर्षं उलटून गेली.

त्याआधी मात्र हे गुपित जिवापाड जपायचे. त्या जपण्याला धंद्यात 'केफेब' म्हणतात. 'हील' म्हणजे दुष्ट आणि 'फेस' म्हणजे सज्जन यांनी बाहेर एकत्र दिसायचं नाही, असा दंडक. 1984 साली जॉन स्टॉसेल नावाचा टीव्ही पत्रकार डेव्हिड शुल्ट्झ या रेसलरला तोंडावर म्हणाला की मला हे खोटं वाटतं. शुल्ट्झने त्याच्या दोन्ही कानांवर अशा थपडा लगावल्या की तो खाली पडला. 1987 मध्ये आयर्न शीक आणि जिम डग्गन या रेसलरना पोलिसांनी रस्त्यात अडवलं, गाडीत अमली पदार्थ सापडले. धंद्यातल्या लोकांना धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. रिंगमध्ये एकमेकांच्या जिवावर उठलेले दोघे एकाच गाडीत सापडलेच कसे? मला हा किस्सा अतिशय आवडतो.

तर 'खोटं' या शब्दाबद्दल. एका छोट्या शोनंतर मी रिंग सोडवताना बघत उभी राहिले होते. कॅनव्हास गुंडाळला, त्याखाली बोटभर जाडीचा फोम, त्याखाली सरळ लाकडी फळ्या आणि खाली लोखंडी तुळया. झालं, एवढंच. मी फोमवर तळहात दाबून पाहिला, तर फळीची कड हाताला लागली. यावर पाठीवर पडण्याला 'बंप' म्हणतात. हनुवटी छातीला टेकवायची, श्वास सोडायचा आणि पाठीचा वरचा भाग सपाट टेकवत दोन्ही हात आपटायचे, म्हणजे मार विभागला जातो. विभागला जातो, नाहीसा होत नाही. 1998 च्या 'हेल इन अ सेल' या पिंजऱ्यातल्या मॅचमध्ये अंडरटेकर या रेसलरने समोरच्या मॅनकाइंडला 16 फूट उंच पिंजऱ्यावरून समालोचकांच्या टेबलावर फेकलं. निकाल ठरलेला होता. पण गुरुत्वाकर्षणाशी कुणी काही ठरवलेलं नव्हतं.

पूर्वी मी वाद घालायचे. नाटकात राजा मेला की तुम्ही नटाची नाडी बघायला जाता का, वगैरे. आता हे उदाहरण देत नाही, कारण ते पुरतं लागू पडत नाही. नाटकाच्या प्रेक्षकाने कितीही आरडाओरडा केला तरी तिसरा अंक बदलत नाही. इथे बदलतो. जानेवारी 2014 च्या 'रॉयल रंबल'मध्ये, म्हणजे तीस जण एकेक करून रिंगमध्ये उतरतात त्या मॅचमध्ये, लोकांना डॅनियल ब्रायन हवा होता. कंपनीच्या मनात तो नव्हता. तिसावा, म्हणजे शेवटचा स्पर्धक म्हणून रे मिस्टेरिओ आला. एरवी सगळ्यांचा लाडका, पण केवळ तो ब्रायन नव्हता म्हणून लोकांनी त्याची हुर्यो उडवली. जिंकणाऱ्या बटिस्टाचीही तीच गत. शेवटी कंपनीने कथा फिरवली आणि एप्रिलमध्ये 'रेसलमेनिया 30' या वर्षातल्या सर्वांत मोठ्या शोच्या शेवटी ब्रायनच्या हातात विजेतेपदाचा पट्टा आला. सगळं ठरलेलं असतं हे माहीत असलेल्या लोकांनी, ठरवणाऱ्यांनाच वाकवलं.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट झाली. 1991 पासून अंडरटेकर रेसलमेनियात हरला नव्हता, ओळीने 21 विजय. ब्रॉक लेस्नरने एफ-फाइव्ह नावाचा आपला डाव तिसऱ्यांदा मारला, तीन मोजताना पंचाचा हात तिसऱ्यांदा पडला, म्हणजे मॅच संपली, आणि स्टेडियम गप्प झालं. पडद्यावर 21-1 असा आकडा उमटला. कॅमेरा गर्दीवर गेला तर एक चष्मेवाला माणूस तोंडाचा आ वासून, डोळे फाडून बघत होता. आजही त्याचं ते चित्र फिरत असतं. त्यालाही माहीत होतं हो, हे ठरवून झालंय म्हणून. अंडरटेकर त्या रात्री मेंदूला मार बसून इस्पितळात गेला. ते ठरवून झालं नव्हतं.

आता तुम्ही जे कधी विचारत नाही ते सांगते. खोटेपणाची मला कधी लाज वाटली नाही. मान खाली गेली ती खऱ्या गोष्टींनी. मे 1999 मध्ये कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट या रेसलरला छतावरून रिंगमध्ये उतरवत होते. कडी सुटली आणि तो 70 फुटांहून जास्त उंचीवरून कोसळून मेला. समालोचकाला पुन्हापुन्हा सांगावं लागलं की हा कथेचा भाग नाही. आणि शो पुढे चालू राहिला. त्यानंतरच्या मॅच झाल्या. 2007 मध्ये क्रिस बेन्वा या रेसलरने बायकोला आणि मुलाला मारून स्वतःचा जीव घेतला. तपासात त्याच्या मेंदूची भयंकर हानी झालेली आढळली. 2004 ची त्याची विजेतेपदाची मॅच माझी सर्वांत आवडती होती. त्यानंतर मी ती लावलेली नाही. आणि बायकांच्या मॅच? 2015 मध्ये एक मॅच जेमतेम 30 सेकंदांत उरकली, तेव्हा प्रेक्षकांनीच गदारोळ केला. 2019 मध्ये रेसलमेनियाची शेवटची मॅच पहिल्यांदा बायकांची झाली. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांना एकमेकींचे कपडे अंतर्वस्त्रांपर्यंत उतरवायच्या मॅच खेळायला लावत. तेव्हाही मी चॅनेल बदललं नव्हतं. यावर कुणी धारेवर धरलं तर मला नीट उत्तर देता येणार नाही. पण धरतच नाहीत. मांजराच्या बातमीवरच थांबतात.

लपवते का? लपवायचे. ऑफिसात वीकेंडला काय केलं विचारलं की 'वाचन'. मग दोन वर्षांपूर्वी एका मीटिंगमध्ये फोन सायलेंट करायचा राहिला आणि मेसेज आला. माझा मेसेजचा टोन म्हणजे अंडरटेकर येताना वाजते ती घंटा. टोऽऽण. कुणी हसलं, कुणी म्हणालं, देवळात आहात का. फक्त अकाउंट्सचे एक गृहस्थ, निवृत्तीला आलेले, आकड्यांपलीकडे कधी शब्द न बोलणारे, त्यांनी कागदातून मान वर केली आणि परत खाली घातली.

संध्याकाळी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. दार बंद होईपर्यंत ते थांबले.

"मॅडम, कालचं मी अजून बघितलेलं नाही," ते समोर बघत म्हणाले. "कोण जिंकलं ते सांगू नका."