जॅकेट पहिलं, पुस्तक दुसरं: ‘गॅट्सबी’ची एक प्रत

एफ. स्कॉट फिट्झगेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीची पहिली आवृत्ती म्हणून कुणी पुस्तक टेबलावर ठेवलं की मी जॅकेट, म्हणजे वरचं कागदी वेष्टन, हलकेच उतरवून बाजूला ठेवतो आणि थेट पान 205 उघडतो. तपासणीचा क्रम ठरलेला आहे: आधी मजकूर, मग बांधणी, जॅकेट सगळ्यांत शेवटी. गडद निळ्या आकाशात तरंगणारे डोळे आणि ओठ, हे फ्रान्सिस कुगातचं चित्र आधी मनात भरलं की बाकीच्या तपासणीत हात सैल पडतो. शिवाय किमतीचा मोठा भाग त्या कागदातच असतो. न्यूयॉर्कच्या बाजारात चांगल्या जॅकेटसह पहिल्या मुद्रणाची प्रत लाख डॉलरच्या पुढे जाते, जॅकेट नसेल तर काही हजारांवर थांबते.

त्या दिवशीची प्रत एका घरगुती संग्रहातून आली होती. आतल्या कोऱ्या पानावर मूळ मालकाचं नाव आणि ‘नाताळ 1925’ अशी शाईतली नोंद. शीर्षकपानावर प्रकाशक स्क्रिब्नर्स आणि 1925. हिरवं कापड, पुढच्या पुठ्ठ्यावर रंगाविना दाबून उठवलेलं शीर्षक, कण्यावर सोनेरी अक्षरं. सगळं जिथल्या तिथे. घरच्यांनी एकच शंका विचारली: स्क्रिब्नर्सच्या पहिल्या आवृत्तीवर इंग्रजी ‘ए’ असतो म्हणतात, तो इथे का नाही? ती खूण प्रकाशकाने 1930 पासून छापायला सुरुवात केली. 1925च्या पुस्तकात ती असणारच नाही, त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं.

काळजी दुसरीच होती. पुस्तक 10 एप्रिल 1925 रोजी दोन डॉलर किमतीला बाहेर पडलं, पहिलं मुद्रण 20,870 प्रतींचं. त्याच ऑगस्टमध्ये 3,000 प्रतींचं दुसरं मुद्रण निघालं. शीर्षकपानावर त्यातही 1925च आहे आणि ‘दुसरं मुद्रण’ असं कुठेही छापलेलं नाही. फरक आहे तो मजकुरात. दोन मुद्रणांच्या मध्ये सहा ठिकाणी दुरुस्त्या झाल्या. पान 60, ओळ 16 वर ‘चॅटर’ होतं, त्याचं ‘एकोलेलिया’ झालं. पान 119, ओळ 22 वर ‘नॉर्दर्न’चं ‘सदर्न’. पान 165 वर दोन बारीक दुरुस्त्या, त्यातली एक सोळाव्या ओळीतला चुकीचा अपॉस्ट्रॉफी. पान 205 वर नवव्या-दहाव्या ओळीत ‘सिक इन टायर्ड’ होतं, ते एकाच शब्दात ‘सिकॅनटायर्ड’ झालं. आणि पान 211 वर ‘युनियन स्ट्रीट स्टेशन’मधला ‘स्ट्रीट’ गेला.

या प्रतीत पान 205 वर ‘सिकॅनटायर्ड’ होतं.

एवढ्यावर निकाल देता येत नाही. जुन्या पुस्तकात एखादं फाटलेलं पान दुसऱ्या प्रतीतून आणून चिकटवलेलं असतं, म्हणून सहाही जागा पाहायच्या आणि त्या त्या पानाची शिवणीजवळची कड बोटाने चाचपायची. चिकटवलेलं पान तिथे किंचित जाड लागतं, कधी डिंकाची रेघ दिसते. इथे शिवण मूळची होती आणि सहाही जागी मजकूर दुरुस्त झालेला. म्हणजे दुसरं मुद्रण, निर्विवाद. नाताळची नोंदही त्याच्याशी जुळते, कारण डिसेंबरपर्यंत ऑगस्टची प्रत दुकानात होतीच.

मग जॅकेट हातात घेतलं, आणि ते अस्सल निघालं.

मलपृष्ठावरच्या मजकुराच्या चौदाव्या ओळीत ‘जे गॅट्सबी’ या नायकाच्या नावातलं पहिलं इंग्रजी अक्षर ‘जे’ चुकून लहान लिपीत छापलं गेलं होतं. प्रकाशकाने छापून झालेल्या जॅकेटांवर ते शाईने मोठं करून घेतलं. नंतरच्या जॅकेटांवर मोठं ‘जे’च छापलेलं आहे. दहापट भिंगाखाली इथली दुरुस्ती स्पष्ट दिसत होती: खाली छापील लहान ‘जे’, त्यावर शाईचा वेगळा फटकारा, कागदाच्या तंतूंत किंचित पसरलेला. स्कॅन करून काढलेल्या नकलेत ही दुरुस्तीही बाकीच्या छपाईच्याच थरात येते आणि अक्षरांच्या कडा ठिपक्यांत फुटतात. इथे अक्षरं भरीव होती. अतिनील दिव्याखाली कागद मंद पिवळसर राहिला. आजच्या पांढऱ्या कागदात चमक आणणारी रसायनं असतात, त्यामुळे तो निळसर पांढरा उजळतो. मागून जपानी कागदाचं ठिगळ किंवा वरून रंगाचा हात असता तर तोही त्या उजेडात वेगळा पडला असता. उंचीही बरोबर: मूळ जॅकेट पुस्तकापेक्षा थोडं उंच कापलं गेलं होतं, त्यामुळे त्याची वरची कड बहुतेक प्रतींत चुरगळलेली किंवा तुटलेली मिळते. नेमकं पुस्तकाच्या मापाचं आणि कडा शाबूत असलेलं जॅकेट आलं की मला आधी संशय येतो.

घरच्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता. पहिल्या मुद्रणाची उरलेली जॅकेटं प्रकाशकाने ऑगस्टच्या प्रतींवर चढवली असतील, तर हे दोन्ही मुळापासून एकत्रच नसतील का? असं कधीच घडलं नसेल, असं म्हणता येत नाही. पण या एका प्रतीचं उत्तर तिच्या कापडावर होतं. जॅकेटच्या कण्याला वरून त्रिकोणी तुकडा गेलेला होता, कडा जुन्या आणि मळलेल्या. जॅकेट कापडावर वर्षानुवर्षं असतं, तर तेवढाच त्रिकोण उजेडाने फिका पडला असता आणि खालचा हिरवा ताजा राहिला असता. इथे कणा वरपासून खालपर्यंत सारखाच विटलेला, सोनेरी अक्षरंही मंद. आतली कोरी पानंही पाहिली. जॅकेटची घडी जिथे दीर्घकाळ टेकते तिथे तिच्या मापाचा वेगळ्या रंगाचा पट्टा उमटतो, तो नव्हता. पुस्तक दशकानुदशकं उघडंच शेल्फवर होतं आणि जॅकेट नंतर कुणीतरी आणून चढवलं.

अशा जोडीत गुन्हा काही नाही, लपवली तरच फसवणूक होते. संख्येने पाहिलं तर 3,000 प्रतींचं दुसरं मुद्रण जास्त दुर्मीळ, तरी पैसा पहिल्याला मिळतो. मला हे दुसरं मुद्रण मनापासून आवडतं. फिट्झगेराल्ड डिसेंबर 1940 मध्ये वारला तेव्हा त्यातल्या काही प्रती अजून गोदामात पडून होत्या. 1945 मध्ये अमेरिकन सैनिकांसाठी सुमारे 1,55,000 छोट्या प्रती निघाल्या आणि वाचक वाढला, तो नंतर. त्या अपयशाचा छापील पुरावा या हिरव्या पुस्तकातच आहे, म्हणून ते जॅकेटचा आधार म्हणून विकलं जाऊ नये असं मी घरच्यांना सांगितलं.

नोंद दोन भागांत केली: पुस्तक दुसरं मुद्रण, ऑगस्ट 1925, जॅकेट पहिल्या मुद्रणाचं, ‘जे’ अक्षर शाईने दुरुस्त, नंतर जोडलेलं. अंदाजी किंमतही वेगवेगळी दिली. त्रिकोणी तुटीचे, ‘जे’वरच्या शाईचे आणि दोन्ही घड्यांचे फोटो मोजपट्टी ठेवून काढले आणि नोंदीला जोडले, म्हणजे उद्या हेच जॅकेट पहिल्या मुद्रणाच्या उघड्या प्रतीवर चढून ‘मूळची जोडी’ म्हणून बाजारात आलं, तर ते ओळखता येईल.