काळावाचामने

नाशकात कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपीचं आणि बाइंडिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. पेजमेकर आणि श्रीलिपीच्या काळात सुरू केलं, आता युनिकोड आहे, पण गिऱ्हाईक तेच: लग्नपत्रिका, बारावीचे प्रोजेक्ट, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. आणि फेब्रुवारी लागला की पीएचडीचे प्रबंध. काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं, पाच-पाच प्रती. विषय काय आहे हे मी विचारत नाही, पण टाइप करता करता वाचलं जातंच. क्ष-किरणांच्या आलेखावरून कणांचा आकार काढायचं शेररचं सूत्र मला पाठ आहे. तांब्याच्या क्ष-किरणांची तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम, हा आकडा मला माझ्या आधार नंबरापेक्षा चांगला आठवतो. माझं शिक्षण बीकॉम.

यंदा २७ फेब्रुवारीच्या आसपास तीन प्रबंध एकदम येऊन पडले. २७ म्हणजे कुसुमाग्रजांचा वाढदिवस, मराठी भाषा गौरव दिन. २८ ला विज्ञान दिन, कारण १९२८ साली त्याच तारखेला रामन परिणाम जाहीर झाला. दोन्ही दिवसांचे बॅनर, दोन्ही दिवसांची प्रमाणपत्रं, सगळं माझ्याच दुकानात. त्या गर्दीत मी जो घोळ घातला तो आज लिहून टाकते. पोट साफ होईल.

पहिला प्रबंध सटाण्याच्या एका सरांचा. विषय बागलाणातली, म्हणजे सटाणा तालुक्यातली, अहिराणी. सर स्वतः शेतकऱ्याच्या घरचे, नोकरी सांभाळून सहा-सात वर्षं गावोगाव फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांचं बोलणं रेकॉर्ड केलेलं. मागे परिशिष्टात ती सगळी संभाषणं जशीच्या तशी उतरवलेली. हस्तलिखित सुबक, पण टाइप करणारा पोरगा नवा, म्हणून शेवटचा हात मी फिरवायचा असं ठरलं. सर म्हणाले, ‘‘ताई, शुद्धलेखन तेवढं बघून घ्या.’’

आता मला असं सांगणं म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. र्‍हस्व-दीर्घ चुकलेलं मला दुकानाच्या पाटीवर दिसलं तरी दिवसभर डोक्यात राहतं. रात्री अकराला बसले. परिशिष्ट उघडलं तर पानभर तांबड्या नागमोडी रेघा. शाया. डोया. केयी. कपाय. काया. मला वाटलं, पोराने ‘ळ’ची कळच दाबली नाही. ‘ळ’ शोधत बसायचा कंटाळा, दिसला ‘य’ की ठोक! मी त्याच्या नावाने चार शब्द बोलले आणि कामाला लागले. शोधा-बदला. शाया गेला, शाळा आला. डोया गेला, डोळा आला. ‘काया’च्या जागी ‘काळा’, ‘गया’च्या जागी ‘गळा’, सगळीकडे एकदम, एका बटणात. अर्ध्या तासात नागमोडी रेघा विरळ झाल्या. मी समाधानाने झोपले.

सकाळी सरांनी प्रूफ हातात घेतलं आणि पहिलं पान उघडलं, ऋणनिर्देशाचं. तिथे त्यांनी आपल्या आईबद्दल लिहिलं होतं की तिने कायावाचामने आम्हा भावंडांना वाढवलं. छापून आलं होतं, ‘काळावाचामने’.

सर हसले. मग परिशिष्ट उघडलं आणि हसायचे थांबले. ‘तो बजारले गया’, म्हणजे तो बाजाराला गेला. माझ्या कृपेने तो ‘बजारले गळा’ झाला होता. पानोपानी माणसं कुठे कुठे गळा झाली होती.

सर चिडले नाहीत हे त्यांचं मोठेपण. खुर्ची ओढून बसले आणि मला समजावलं. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. वऱ्हाडीतही येतो, लेवा बोलीतही येतो. ‘ळ’ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं आणि हवा जिभेच्या कडांनी जाते. ‘य’ला जीभ टाळूच्या जवळ जाते पण टेकत नाही. ते टेकणं सुटलं की ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. सरांच्या प्रबंधाचं अख्खं तिसरं प्रकरण याच्यावर होतं: कुठल्या गावात कुठल्या वयाची माणसं ‘य’ म्हणतात, शाळेत गेलेली मुलं कुठे ‘ळ’ म्हणायला लागतात, एकच माणूस घरात ‘डोया’ आणि तहसीलदारासमोर ‘डोळा’ कसा म्हणतो. म्हणजे सहा वर्षं गोळा केलेला माल मी एका रात्रीत धुऊन स्वच्छ केला होता.

‘‘ताई, तुम्ही माझा पुरावाच पुसलात हो,’’ एवढंच म्हणाले. ते ऐकून मला चहासुद्धा सांगायचं सुचेना.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या मूळच्या सटाणा तालुक्यातल्याच. चाळीस वर्षं नाशकात काढली तरी घरात अहिराणी. माझ्याशी मात्र लग्नापासून ‘शुद्ध’ बोलतात, सुनेला कळावं म्हणून. ऐकून घेतलं, आणि मग एकदम त्यांच्या बोलीत म्हणाल्या, ‘‘आमना डोया तुले चुकीना वाटनात का व?’’

उत्तर काय देणार. पंचवीस वर्षं या बाईच्या हातचं खातेय, त्यांच्या बहिणी आल्या की स्वयंपाकघरात ‘डोया’, ‘केयी’, ‘शाया’ कानावर पडतं, आणि कागदावर दिसल्याबरोबर मला ती टायपिंगची चूक वाटली. कानाला जे चालतं ते डोळ्याला चालेना. आमच्या पेठांमध्ये ‘शुद्ध’ बोलण्याचा एक माज असतो, तो माझ्यातही मुरलेला आहे, हे कबूल करायला हवं.

सरांच्या प्रबंधात ग्रिअर्सनची गोष्ट होती, ती इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. जॉर्ज ग्रिअर्सन हा आयरिश सनदी अधिकारी. १८९४ पासून १९२८ पर्यंत त्याने हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी केली. पद्धत साधी: बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत लिहून मागवायची. एका माणसाला दोन मुलगे होते, इथून सुरुवात. शेकडो बोलींत तोच बाप, तेच दोन मुलगे, मग नीट तुलना करता येते. खानदेशी, म्हणजे अहिराणी, त्याने मराठीच्या खंडात घेतली नाही. भिल्ली भाषांबरोबर नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात घातली. ती मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर अजून वाद घालता येतो. २०११ च्या जनगणनेत अहिराणी धरून खानदेशीखाली मोजलेले लोक साधारण १८ लाख ६० हजार निघाले. आमच्या सासूबाई त्यात नाहीत. जनगणनेवाल्यांना मीच दारात उत्तर दिलं होतं, सगळ्यांची मिळून ‘मराठी’ म्हणून.

दुसरा प्रबंध भौतिकशास्त्राचा, एका मुलीचा. तिचं काम मला आवडलं कारण ते अगदी नाशिकचं आहे. काचेची पट्टी हॉटप्लेटवर चारशे अंशांच्या आसपास तापवायची आणि तिच्यावर झिंक ॲसिटेटचं द्रावण फवारायचं. बाकीचं उडून जातं, काचेवर झिंक ऑक्साइडचा पातळ थर बसतो. द्राक्षबागेतली फवारणी बघितलेल्या माणसाला हे पटकन कळतं. हा थर अमोनिया ओळखतो. हवेतला ऑक्सिजन थराच्या पृष्ठभागाला चिकटून इलेक्ट्रॉन अडवून बसलेला असतो. अमोनिया आला की त्याची ऑक्सिजनशी अभिक्रिया होते, इलेक्ट्रॉन सुटतात, थराचा रोध उतरतो. तो उतार मोजला की झाला सेन्सर. दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यात द्राक्षांची कोल्ड स्टोरेजं आहेत, आणि थंड करायला अमोनिया वापरणारी यंत्रणा गळली तर काय होतं हे तिथल्या माणसांना सांगावं लागत नाही.

तिच्याही कामात मी हात घातलाच होता. क्ष-किरणांचा एक आलेख होता: ३१.८, ३४.४, ३६.३ अंशांवर तीन उंच सुळके, झिंक ऑक्साइडची सहीच म्हणा. पण वीस ते तीसच्या दरम्यान रेघ पोट सुटल्यासारखी फुगलेली. स्कॅनिंगची घाण समजून मी ती कोरल या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ करून टाकली होती. सरांचा प्रसंग घडल्यावर मला घाम फुटला आणि मीच तिला फोन केला.

‘‘ताई, तो उंचवटा काचेचा आहे,’’ ती म्हणाली. ‘‘खाली काच आहे ना. काचेत अणूंची नीट रांग नसते, म्हणून सुळका येत नाही, असा पसरट डोंगर येतो. तो नसला तर परीक्षक विचारतील, काच कुठे गेली?’’

परत ठेवला. तिच्या शेररच्या तक्त्यात मात्र मला एक खरी चूक सापडली. सुळक्याची रुंदी रेडियनमध्ये घालायची असते, एका ओळीत ती अंशांतच राहिली होती, म्हणून कणांचा आकार आजूबाजूच्या ओळींपेक्षा पन्नासपटीने लहान आला होता. ही चूक मी इतक्या प्रबंधांत बघितली आहे की आता आकड्याकडे बघून वास येतो. ती पोरगी पाचेक सेकंद गप्प झाली आणि मग म्हणाली, ‘‘काकू, तुम्ही पीएचडी करा.’’ ताईची काकू झाले, पण इज्जत वाढली.

तिसरा प्रबंध पर्यटनाचा, एका मुलाचा. नाशकात समुद्र नाही. गोदावरी इथून निघते ती थेट उलट्या दिशेला, बंगालच्या उपसागराला जाते. तरी हा पठ्ठ्या इथे राहून कोकणकिनाऱ्यावर संशोधन करत होता, कारण मामा मालवणला. त्याने दोन गावं घेतली होती. एक मंडणगड तालुक्यातलं वेळास, जिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक जातात आणि गावकऱ्यांच्या घरी उतरतात. दुसरं तारकर्लीच्या पुढचं देवबाग. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून निवास-न्याहारीच्या पाट्या वाढत गेल्या.

त्याचा मुद्दा मला फार पटला. वेळासचा हंगाम माणसाच्या हातात नाही. अंडी घातल्यापासून पिल्लू बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस. सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलून बघायची, असली पिल्लं तर सोडायची, नसली तर पाहुणे वाळू बघून परत. मुंबईहून आलेला माणूस ‘पैसे दिलेत, कासव दाखवा’ म्हणू शकत नाही, आणि म्हणाला तरी कासव ऐकत नाही. देवबागेत होड्या, डॉल्फिन, पॅरासेलिंग, सगळं मागणीबरहुकूम. तिथे ताण वेगळा. एका बाईचं वाक्य त्याने जसंच्या तसं घेतलं होतं: ‘‘पावणे येतत, पैसे गावतत, पन पानी खयसून हाडूचा?’’ उन्हाळ्यात विहिरी मचूळ होतात, आणि पाहुण्याला दोनदा आंघोळ लागते.

यावेळी मी ‘पन’चा ‘पण’ केला नाही. ‘पानी’लाही हात लावला नाही. उलट प्रत्येक शब्दाला त्याला विचारत बसले, तो वैतागला.

त्याची अडचण निराळीच होती. प्रश्नावलीत विचारलं होतं, पाहुण्यांच्या पैशांचा हिशोब घरात कोण ठेवतं? पडवीत बसलेला नवरा ‘मी’ म्हणायचा. तेवढ्यात आतून चुलीपाशी बसलेली बायको ओरडायची, ‘‘कसला हिशोब ठेवता तुम्ही, वही माझ्याकडे आहे!’’ त्याने समास सोडून पेन्सिलीने तेही लिहून ठेवलं होतं. फॉर्मवर खूण मात्र एकाच चौकटीत करता येते. त्याच्या मार्गदर्शकांचं म्हणणं, कुटुंबप्रमुखाचं उत्तर धरा आणि तक्ता पूर्ण करा. तो मला विचारत होता, पेन्सिलीतलं टाइप करायचं की सोडायचं.

मी काही मार्गदर्शक नाही. पण म्हटलं, बाळा, माझं ऐक, दुसरा रकाना पाड. ‘पडवीतलं उत्तर’ आणि ‘आतलं उत्तर’. तक्ता माझ्याकडून फुकट. त्याने दोन दिवस विचार केला, मार्गदर्शकांशी भांडून आला, आणि रकाना पडला. मला वाटतं त्याच्या प्रबंधात तेवढंच एक पान लोक खरंच वाचतील.

सरांच्या परिशिष्टावर आम्ही दोघं तीन संध्याकाळी बसलो. ते रेकॉर्डिंग लावायचे, मी एकेक शब्द परत फिरवायचे. उच्चारांची चिन्हं छापताना त्यांच्या जागी चौकोन यायचे, त्यासाठी वेगळा फॉन्ट टाकला. शेवटी पाच प्रती छापल्या, शिवल्या, रेक्झिन चढलं, सोनेरी अक्षरं उठली. सर सोमवारी न्यायला येणार होते.

रविवारी दुपारी मी एक प्रत घरी आणली, सासूबाईंना दाखवायला. त्यांनी चष्मा पुसला, भिंग घेतलं आणि परिशिष्ट वाचायला बसल्या. मधूनच हसायच्या, मधूनच एखादी ओळ मोठ्याने म्हणायच्या. असं आमच्या आईकडे म्हणायचे, हे मी विसरलेच होते, असं चाललेलं. चार वाजता हाक मारली. पान २३१. बोट एका ओळीवर. सगळं संभाषण बरोबर, आणि मध्येच एक म्हातारी म्हणतेय की नातू ‘शाळामा’ जातो.

‘‘हाई बाई आसं बोलाव नही,’’ सासूबाई म्हणाल्या.

सरांना फोन लावला. त्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं. बाई ‘शायामा’च म्हणत होती.

शिवलेल्या बाइंडिंगमधलं पान बदलायचं तर ते शिवणीपासून अर्धा इंच सोडून ब्लेडने कापायचं, त्या पट्टीला फेव्हिकॉलचं पातळ बोट फिरवायचं आणि नवं पान बसवायचं. पाच प्रती. सासूबाई दुकानात आल्या, पहिल्यांदाच, आणि प्रत्येक पान चिकटलं की वरून वरवंट्यासारखा तळहात फिरवत राहिल्या. चौथ्या प्रतीला विचारलं, ‘‘मनं नाव टाकशी का याम्हा?’’

सरांना विचारलं. ऋणनिर्देशाचं पान पण कापलं.